न लागणारी गाडी

वेगाच्या नादी लागून गाडी बांधायला घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सात-आठ वर्षं खपून एक वेगवान गाडी बांधायची आणि ती जन्मात कधी ताशी तिसाच्या वर न्यायची नाही, असा माणूस एकच झाला आणि नशिबाने तो माझा घरमालक होता. मी जव्हारला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेलो तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. आमच्या सांगलीकडच्या नातेवाइकांनी मला असा निरोप दिला होता की जणू मी परत येणारच नव्हतो. खोली बघायला म्हणून मी या घरमालकाच्या, म्हणजे सगळं गाव ज्यांना काका म्हणे त्यांच्या, अंगणात शिरलो, तर समोर एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत खाकी पँट. मी खोलीचं विचारलं. गाडीखालून आवाज आला, "खोली आहे. पण आधी सांगा, तुम्हाला गाडी लागते का?"

मी म्हटलं, नाही लागत. त्यावर पाय जरा हिरमुसल्यासारखे वाटले. खोली मात्र मिळाली.

काका एस.टी.तून निवृत्त झालेले. तीस वर्षं जव्हार-मोखाडा-नाशिक हीच गाडी त्यांच्याकडे होती, आणि त्या रस्त्यावरच्या वळणांना ते एकेरीत हाक मारीत. "ते चिंचेजवळचं वळण मोठं लबाड," असं ते एखाद्या दूरच्या मेव्हण्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. निवृत्त झाले तरी खाकी पँट सुटली नव्हती, आणि त्याहून अवघड म्हणजे डबल बेल सुटली नव्हती. स्वतःच्या दोन माणसांच्या गाडीत बसले, किल्ली फिरवली, गियर टाकला, की हा माणूस समोर बघत स्वस्थ बसून राहायचा. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी बिघडलं. पाच मिनिटांनी तेच ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, जरा दोनदा वाजवता का काही?" तेव्हापासून मी पान्याने दारावर टण टण करायचो आणि मग गाडी हलायची. जनावरांना सुया टोचणारा म्हणून गाव मला डॉक्टर म्हणत असे. काकांच्या गाडीत मी कंडक्टर होतो.

गाडीबद्दल आता सांगायलाच हवं. ती मुळात कोणत्या कंपनीची होती यावर जव्हारात एकमत नव्हतं, कारण नावाचा बिल्ला केव्हाच गळून पडला होता. देवळालीकडच्या कुणा निवृत्त साहेबाच्या गोठ्यात ती पडून होती आणि काकांनी आणली तेव्हा मागच्या बाजूला एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. दोन दारं, टप उघडा, लांबट नाक. तिच्यावर काकांनी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. इंजिन दुसरं आलं, चाकं रुंद आली, स्प्रिंगा कापून गाडी बोटाबोटाने खाली बसवली गेली. वळणावर ती कलू नये म्हणून ट्रकच्या पोलादाची एक आडवी सळई पोटाखालून टाकली. ती मनासारखी वाकायलाच दीड वर्ष गेलं. पत्र्याचं सगळं काम बाजारपेठेतल्या चाचांचं. चाचा म्हणजे तीन पिढ्यांचे पत्र्याचे कारागीर. बादल्या, कणग्या, पावसाळी पन्हळी यांत हयात गेलेली, पण काकांच्या गाडीचं नाक त्यांनी असं घडवलं होतं की हात फिरवावासा वाटे. तोंड मात्र फटकळ. एकदा ते गाडीशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "काका, अजून दोन इंच खाली घ्या. मग चाकांची गरजच नाही. नुसती घसटत न्या, काय?"

त्यात खोटं काही नव्हतं. गाडी इतकी खाली गेली होती की अंगणातून बाहेर काढायला गटारावर दोन फळ्या टाकाव्या लागत, आणि बाजारातला गतिरोधक ती तिरकी होऊन, एकेक चाक उचलत, मांजरीसारखी ओलांडायची. दाभोसा किंवा वांगणीकडे ती नेण्याचा प्रश्नच नव्हता; तिकडे माझी जीपसुद्धा देवाचं नाव घेऊन जायची. जामसरच्या वाटेवर एक तुकडा नव्याने डांबरी झाला होता, तेवढाच तिचा मुलूख. दर पावसाळ्यानंतर तो मुलूख थोडा आखडायचा. तिथल्या शेतावरची एक म्हातारी आम्हाला रोज येताना-जाताना बघायची. एकदा तिने मला थांबवून हळूच विचारलं, "डागतर, त्या डायवरचा काय हारवलाय का रस्त्याव? रोज येतं नि हळूहळू बघत जातं."

हळूहळू बघत जाण्याचं कारण डॅशबोर्डवर होतं. तिथे काकांनी एक गोल खोबण करून घेतली होती आणि तिच्यात काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवलेला असे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तहान लागत असेल. पण तो पेला प्यायचा नव्हता. वळण आलं की काकांनी रस्त्यावर आणि मी पेल्यावर नजर ठेवायची. पाणी सांडलं की, "किती सांडलं?" माझ्या पँटीवर हात फिरवून मी अंदाज सांगायचो. "उजव्या वळणाला जास्त," असं म्हणत ते घरी येत आणि पुन्हा गाडीखाली जात. गावात म्हणायचे, म्हातारपणी डायवरला रेसचं वेड लागलं. मलाही तसंच वाटायचं. फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, पोस्टाच्या रांगेत हा माणूस अनोळखी लोकांना विचारायचा, "तुम्हाला गाडी लागते का?" ज्याला लागत असे त्याचा केवढा पाहुणचार. दाभोशाचा एक मजूर जीपमध्ये हमखास ओकायचा, त्याला काकांनी चहा-भजी खाऊ घालून जामसरच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला अत्यंत आशेने विचारलं, "मळमळतंय का?" तो बिचारा भिडेने नाही म्हणाला आणि फळ्यांवरून गाडी अंगणात घेताना त्याने सगळी भजी काकांच्या स्वाधीन केली. काका महिनाभर खचले होते.

काकांच्या घरात माणूस दुसरं नव्हतं. सकाळी आधी गाडी पुसली जायची, मग स्वतः आंघोळ. भाकरी ते चुलीवर दोनच टाकत, एक सकाळची, एक संध्याकाळची. ओट्यावरच्या डब्यांवर तेलखडूने लिहिलेली काकूंच्या हातची अक्षरं होती, आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यात नटबोल्ट होते. काकूंचं मी फारसं विचारलं नव्हतं. दर महिन्याला काका नाशिकला मुलाकडे एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येत, एवढंच मला माहीत. मीही तेव्हा एकटाच होतो. दोन एकट्या माणसांनी एका अंगणात राहायचं, तर काही गोष्टी न विचारणंच सोयीचं असतं.

एका दुपारी त्या डांबरी तुकड्याच्या शेवटी आम्ही थांबलो होतो. पेला त्या दिवशी जवळजवळ भरलेला राहिला होता. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "तिला गाडी लागते हो."

"कुणाला?"

"आमच्या घरी. तीस वर्षं मी या रस्त्यावर गाडी हाणली, पण बायको एकदासुद्धा माझ्या गाडीत बसली नाही. शेवटी नातवाच्या बारशाला म्हणून एस.टी.ने नाशिकला नेली. मोखाडा सोडला तेव्हापासून जी ओकायला लागली, ती त्र्यंबकला उतरवली तर नुसतं पिळलेलं फडकं. म्हणाली, आता या रस्त्याने परत नाही न्यायचं मला. तेव्हापासून मुलाकडेच आहे." त्यांनी पेला उचलून खोबण पुसली. "गाडी जमिनीला धरून असली ना, की पोट हलत नाही. वळणाला कलली नाही पाहिजे. एवढंच तर आहे."

त्यानंतर मी काकांच्या गाडीला कधी हसलो नाही. चाचांना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणूनच इतकी वर्षं तोंडाने टवाळी करत त्यांनी काकूंच्या बाजूच्या दाराला तीनदा नवा पत्रा बसवला होता.

शेवटी एका हिवाळ्यात काका म्हणाले, चला. मी रजा टाकली. चाचा फळ्या धरायला आले आणि काकूंच्या सीटशेजारच्या कप्प्यात त्यांनी आलेपाकाची पुडी ठेवली. आम्ही पंचवीसच्या वेगाने निघालो. खड्डा आला की मी खाली उतरायचो आणि हातवारे करत गाडी पार करून द्यायचो. मोखाड्यापर्यंत आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं: जीपा, दुधाच्या गाड्या, सायकलवरचा एक मास्तर. पण घाटात ती गाडी काय चालली म्हणून सांगू. वळणामागून वळण येत होतं आणि ती रुळावरून जावी तशी जात होती. वर पोचल्यावर मी पेल्यात बघितलं. एक थेंब सांडला नव्हता. काकांची मान थोडी ताठ झाली.

नाशिकला मुलाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात काकू आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हाताला कणीक. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर पाटावर बसल्यासारखी आहे." काका त्यांना घेऊन तासभर नाशिकभर फिरले, टेकडीच्या रस्त्यानेही जाऊन आले. मी नातवाबरोबर पत्ते खेळत बसलो. परत आल्या तेव्हा काकूंचा चेहरा उजळला होता. "काही म्हणजे काही झालं नाही हो मला," त्या मलाच सांगायला लागल्या.

काका म्हणाले, "मग भर पिशवी. जेवून निघू. डॉक्टर एस.टी.ने येतील. उजेडात घरी."

काकूंनी पदराला हात पुसले. खूप वेळ पुसले. मग खाली बघत, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "रागावू नका. तुम्ही तीस वर्षं गाडीवर होता. तुमच्यामागे पन्नास माणसं असायची रोज. मी तिथं घरात एकटीच असायची. इथं शेजारणी आहेत, मंगळवारचं भजन आहे, हा शाळेतून आला की आधी माझ्याकडे येतो. मला आता माणसांची सवय झालीय हो."

एवढ्या वर्षांत काकांनी घाटाशिवाय दुसरं कारण मनातही आणलं नसावं. मग म्हणाले, "बरोबर आहे." पुन्हा म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

"तुम्हीच या ना इकडे," काकू म्हणाल्या.

"इकडं गाडी कुठं लावायची?" काका म्हणाले, आणि सगळे हसले, काकासुद्धा.

परतताना घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. खोबणीतला पेला काढला, ते पाणी सावकाश पिऊन टाकलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. पुढे जव्हार येईपर्यंत एवढंच बोलले, "तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं म्हणा."

काका नाशिकला राहायला गेले नाहीत, काकूही परत आल्या नाहीत. पण महिन्याची फेरी आता दर रविवारची झाली, आणि एस.टी.ऐवजी ती गाडी जाऊ लागली. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, जव्हार सुटलं. चाचा गेल्याचं कुणाकडून तरी कळलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा कामासाठी नाशिकला गेलो होतो. शहराच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो आणि चौकात बस थांबली तेव्हा खाली, अगदी चाकाच्या उंचीवर, ती गाडी दिसली. काकांचे केस सगळे पांढरे झाले होते. काकू हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, बहुधा कुठल्यातरी शेजारणीचं, आणि काका समोर बघत, मान हलवत ऐकत होते. हाक मारावी असं फार वाटलं. पण ते बोलणं मोडवेना. रविवार होता. म्हणजे जेवणं झाली की काका काकूंना दारात सोडून एकटेच घाट उतरणार, शेजारच्या सीटवर काकूंनी भरून दिलेला डबा ठेवून. सिग्नल सुटला. त्यांनी गाडी हळूच डावीकडे घेतली आणि आमची बस सरळ निघून गेली.