पुएब्ला ट्रिप कमिटी

ट्रिपला जाऊन आलेल्या लोकांकडे फोटो असतात. आमच्या ग्रुपकडे एकही फोटो नाही, कारण आम्ही दोन वर्षं नुसतं प्लॅनिंग केलंय! किस्से मात्र इतके साठलेत की परवा ऑफिसमध्ये कोणीतरी सहज "मेक्सिको" म्हणालं आणि लंच ब्रेक संपला तरी माझी टकळी चालूच. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

ग्रुप म्हणजे आमची डॅलसजवळच्या अर्विंगमधली शनिवारची मंडळी. जमायचं दिवाकरकाका आणि सुमनकाकूंच्या घरी. काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, टेक्सासमध्ये येऊन जमाना झाला. काकू नोकरी सुटल्यावर मातीकाम शिकल्या, बशांवर आणि टाइल्सवर निळी नक्षी काढतात, आणि फार सुंदर काढतात. शिवाय वसुंधरामावशी, रिटायर्ड डॉक्टर. विलासकाका, नागपूरचे, रिटायर्ड पण तोंड अजून ड्युटीवर. आणि मी केतकी, आयटीतली, वयाने सगळ्यांत लहान. म्हणून चहा गाळायचा मी आणि मतं द्यायची त्यांनी.

पुएब्लाची कल्पना काकूंची. मेक्सिको सिटीपासून बसने दोन-अडीच तासांवरचं जुनं शहर. तिथल्या घरांच्या भिंतीच्या भिंती रंगीत टाइल्सनी मढवलेल्या आहेत, आणि कुंभार अजून जुन्या पद्धतीने, हाताने त्या रंगवतात. काकूंना तिथे बसून एक टाइल रंगवायची होती. एकच!

"घरी रंगव की," काका म्हणाले.

काकूंनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. "डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. ब्रश धरता येतोय तोवर जाऊ या."

यावर कोणीही माणूस तिकीट काढेल. आमच्या काकांनी कमिटी स्थापन केली!

* * *

कमिटीचा पहिला प्रश्न: मेक्सिको सेफ आहे का?

काकांनी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले. पुएब्लाचा त्यांत एकही नव्हता. म्हणजे भीती सगळी दुसऱ्याच शहरांची आणि ट्रिप रद्द व्हायची ती पुएब्लाची. मी म्हटलं, "काका, मागच्या महिन्यात इथे, आपल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तुमच्या गाडीची काच फोडली. तुमची कोथिंबीर आणि लॅपटॉप दोन्ही गेलं. तेव्हा तुम्ही अर्विंग सोडलंत का?"

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "ते वेगळं. ते आपले चोर आहेत."

* * *

मग तारखा. ही मीटिंग मी आयुष्यात विसरणार नाही.

जानेवारीत काकांचा चेकअप. मार्च-एप्रिल टॅक्स. मेमध्ये विलासकाकांच्या नातीचं ग्रॅज्युएशन. जून-जुलैमध्ये "उन्हाळ्यात कोण फिरतं?" खरं तर उंचावरचं गाव ते, उन्हाळ्यात अर्विंगपेक्षा कितीतरी गार! पण ऐकतंय कोण? ऑगस्टमध्ये मावशींचा श्रावण. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात नवरात्र, नोव्हेंबरात दिवाळी, डिसेंबरात पाहुणे.

व्हाइटबोर्डवर सगळ्या महिन्यांवर काट मारून झाली. उरला फेब्रुवारी. मी अक्षरशः टाळी वाजवली. "झालं तर मग! फेब्रुवारी फायनल!"

काकांनी मान हलवली. "फेब्रुवारी नको. लहान महिना आहे, धावपळ होते."

* * *

माझ्या शेजारच्या डेस्कवर आरासेली बसते. ती मूळची पुएब्लाचीच. एके शनिवारी मी तिला कमिटीसमोर हजर केलं.

काकांनी पहिलाच बॉम्ब टाकला: "शहराजवळ जिवंत ज्वालामुखी आहे, हे खरं का?"

"हो," ती आनंदाने म्हणाली. "पोपोकातेपेतल. पण आम्ही त्याला डॉन गोयो म्हणतो."

'डॉन' हे तिकडचं मानाचं संबोधन. आपण राव लावतो तसं. म्हणजे गोयोराव! आरासेली सांगायला लागली आणि मला तर हातातल्या पोह्यांचं भानच राहिलं नाही. पायथ्याच्या गावातले लोक म्हणे दरवर्षी त्याचा वाढदिवस करतात. डोंगर चढून जातात, बरोबर फुलं, जेवण, दारू आणि त्याच्यासाठी नवे कपडे! म्हातारबाबाच्या रूपात तो गावात येऊन गेल्याचं लोक शपथेवर सांगतात. त्याला खूश ठेवलं की तो फार त्रास देत नाही.

"कपड्यांची साइझ कुठली घेतात?" विलासकाकांनी गंभीरपणे विचारलं.

तेव्हापासून काका रोज सकाळी चहाबरोबर ज्वालामुखीचा लाइव्ह कॅमेरा लावतात. धूर दिसला की ग्रुपवर मेसेज: "आज गोयोरावांचं लक्षण ठीक नाही. बुकिंग थांबवा."

मी शेवटी चिडून लिहिलं, "सारखा धुसफुसतो, उठून कुठे जात नाही, आणि बाकीच्यांनी त्याचा मूड बघून प्लॅन करायचे. याला राव कशाला म्हणता? काका म्हणा!"

मेसेजला पहिलं हार्ट आलं ते सुमनकाकूंचं.

* * *

जेवणाचा प्रश्न सोडवायला आरासेली घरून मोले घेऊन आली. पुएब्लाचा प्रसिद्ध काळपट, दाट रस्सा. सुकलेल्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, लवंग, दालचिनी, सगळं भाजून वाटायचं, आणि वर थोडं चॉकलेट.

विलासकाकांनी बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले.

"यार, हे तर आमच्या नागपूरचं आहे! फक्त यात चॉकलेट कोणी पाडलं?"

मग त्यांची आणि आरासेलीची जी जुंपली! मिरच्या किती भाजायच्या, वाटण पाट्यावर की मिक्सरवर, कोणाची आजी जास्त खमकी. इंग्रजी दोघांचंही संपलं तरी भांडण संपेना.

इकडे वसुंधरामावशी, कट्टर शाकाहारी, पोळीशी मोले खात होत्या. दुसरी वाटी संपत आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हळूच म्हटलं, "मावशी, यात चिकनचं पाणी घालतात बहुतेक. विचारू का तिला?"

मावशींनी माझा हात घट्ट धरला. "खाऊन होईपर्यंत विचारू नकोस!"

* * *

एकदा चोलुलाची चर्चा निघाली. पुएब्लाला लागूनच आहे. तिथे एक टेकडी आहे, टेकडीवर चर्च. गंमत म्हणजे ती टेकडी नाहीच! तो माती-गवताने झाकला गेलेला प्रचंड पिरॅमिड आहे. इतका मोठा, की लोकांना तो डोंगरच वाटायचा.

मला हे इतकं भारी वाटलं की मी रात्रंदिवस तेच वाचत होते. काकांना वाटली ती स्ट्रक्चरची काळजी. "पोकळ बोगदे काढलेत आत. वरती चर्चचा लोड. मी ड्रॉइंग बघितल्याशिवाय पाय ठेवणार नाही."

"अहो, कितीतरी शतकं उभं आहे ते!" काकू म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. जुनं झालंय!"

* * *

आता तुम्ही म्हणाल, केतकी, एवढी फणफणतेस तर तूच का नाही नेलंस काकूंना? माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं होतं. वकिलाने बजावलं होतं, देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आरासेलीच्या घरी तान्हं बाळ. आणि काकू? त्या गप्प. मी किचनमध्ये जाऊन त्यांच्यावरच डाफरायचे, "तुम्ही एकदा ओरडा ना त्यांच्यावर!" त्या म्हणायच्या, "साखर संपलीय, डबा भर."

मध्यंतरी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. त्या शनिवारी मी मीटिंगमध्ये कोणाशीच धड बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात आरासेलीने तिच्या ओळखीच्या एका कुंभाराशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, एप्रनवर निळे डाग. मागे फळ्यांवर बशा वाळत होत्या. काका टाय घालून बसले होते!

"टाइल भट्टीत तडकली तर जबाबदारी कोणाची?" काकांनी विचारलं.

आरासेलीने स्पॅनिशमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी करायची."

"आणि ती तडकली तर?"

"तर तो दिवस वाईट आहे. घरी जाऊन झोपायचं."

काकांनी वहीत लिहिलं: 'बॅकअप प्लॅन नाही.'

तेवढ्यात काकू पुढे सरकल्या. दोन वर्षांत मीटिंगमध्ये त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. "त्यांना विचार, हात हलत असेल तर चालेल का?"

तो म्हणाला, "किती हलतो? दाखवा."

काकूंनी हात कॅमेऱ्यासमोर धरला. त्याने नीट निरखून पाहिलं. मग काहीतरी बोलला आणि आरासेली इतकी हसायला लागली की तिला भाषांतर करता येईना.

"तो म्हणतोय," ती शेवटी म्हणाली, "सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या कारागिरांचे हात याच्यापेक्षा जास्त हलतात. लवकर या!"

काकू इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना पदर पुरेना. ओढणी होती खरं तर.

काका म्हणाले, "म्हणजे वर्कशॉपमध्ये ड्रिंक करतात. हा मुद्दा नोट करा."

* * *

आणि हा शेवटचा.

काकांनी जाहीर केलं की बुकिंगच्या आधी ट्रायल होणार. "स्लॅब टाकायच्या आधी सेंटरिंग तपासतात. एअरपोर्टची एक ट्रायल घेऊ. खऱ्या बॅगा, खरे कपडे. घरातून निघायचं, पार्किंग, बॅगांचं वजन, सिक्युरिटीची लाइन. किती वेळ लागतो ते मोजायचं आणि लाइनच्या टोकावरून परत फिरायचं. येताना इडली खाऊ."

तुम्हाला खोटं वाटेल, पण सगळे आले! शनिवारी सकाळी डॅलसच्या विमानतळावर चार म्हातारी माणसं आणि मी, कुठेही न जाण्यासाठी सज्ज. मावशींच्या बॅगेत कुकर. विलासकाकांच्या गळ्यात उशी. काकूंकडे मात्र एक लहानशी बॅग, खांद्यावर पर्स, बस.

"हे काय?" काका वैतागले. "ट्रायल म्हणजे अगदी खऱ्यासारखी हवी!"

"खऱ्यासारखीच आहे," काकू म्हणाल्या.

काका दोरीच्या बाहेर उभे राहिले, हातात फोनवर स्टॉपवॉच. आम्ही लाइनमध्ये. काकू सगळ्यांत पुढे, त्यांच्यामागे मी. लाइन सरकत होती, काका बाहेरून सूचना देत होते. "पासपोर्ट हातात ठेवा! विलास, उशी काढ! छान, छान, वेळ उत्तम आहे!"

आम्ही टोकाला पोचलो. ऑफिसर टेबलामागे बसली होती.

"बस्स!" काका ओरडले. "इथून फिरा मागे!"

मी फिरले. मावशी फिरल्या. विलासकाका उशीसकट फिरले. काकूंनी पासपोर्ट ऑफिसरच्या हातात दिला.

तिने तो मशीनमध्ये घातला, स्क्रीन पाहिला, काकूंकडे पाहिलं. "मेक्सिको सिटी?"

"येस," काकू म्हणाल्या.

"हॅव फन, मॅम."

आणि काकू आत गेल्या!

आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी बॅग पट्ट्यावर ठेवलीसुद्धा. काका दोरीला धरून ओरडत होते, "अगं सुमन! ट्रायल आहे ही! सुमन! ट्रायल!"

"तुमची!" आतून आवाज आला.

मग त्या स्कॅनरच्या काचेच्या पेटीत जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात डोक्यावर. बाहेरून आम्हाला ते हात स्पष्ट दिसत होते, दोन्ही थरथरत होते, आणि काकू सरळ समोर बघत होत्या. काकांचा आरडाओरडा एकदम थांबला. स्टॉपवॉच चालूच होतं.

त्या पलीकडे गेल्या, पर्स उचलली, खांद्यावर टाकली.

काका चवड्यांवर उभे राहिले. आवाज पार बदललेला होता. "सुमन, परत कधी येणार?"

काकू वळल्या. लोकांच्या डोक्यांवरून त्यांनी आम्हाला मोठ्ठा हात केला.

"ते अजून ठरवलं नाही!"