एकही मारामारी नाही

अठ्ठाविसाव्या घराशी आर्डिथच्या गुडघ्यांनी संप पुकारला. नदीन प्रिचर्ड मात्र पुढच्या फाटकाकडे निघालीसुद्धा.

"अगं, थांब की! माझं वय काय, तुझी चाल काय!"

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे मी."

"तेच तर सांगू नकोस चारचौघांत."

आर्डिथ सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत आलेली. शिवाय गावच्या साप्ताहिकात इथल्या माणसांबद्दल काहीबाही लिहायची. लिखाणापेक्षा सूप बरं, असं तिचं तिलाच वाटे. नदीन शाळेची समुपदेशक. तिच्या पगाराचं सरकारी अनुदान संपत आलं होतं. मंगळवारच्या मतदानात गावानं घरपट्टीतली वाढ मान्य केली, तरच ती राहणार. नाहीतर पोरं जिथं येऊन मन मोकळं करायची, ती खोली पुन्हा झाडू-बादल्यांची.

म्हणून ही पायपीट. हातात नदीननं स्वतः लिहिलेलं पत्रक, वर ठळक अक्षरांत: 'दोन वर्षांत शाळेत एकही मारामारी नाही!' आर्डिथनं ते तपासून दिलं होतं. म्हणजे एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला होता.

आणि दारोदारी एकच उत्तर मिळत होतं. "एकही नाही? मग तुमची गरज काय, बाई?"

"हात दाखवून अवलक्षण," नदीन म्हणाली. "लोकांच्या मनातलं ओळखायचं शिक्षण घेतलं मी. आणि स्वतःच्या बडतर्फीचा अर्ज रंगीत छापून वाटतेय."

"तपासणारी तरी कोण शहाणी होती?"

पुढचं घर ऑर्विल टॅकेटचं. आर्डिथनं प्रत्येक दाराशी करायची तशी मनात छोटी प्रार्थना केली. म्हातारा ओसरीवर बसून शिकारीच्या बंदुकीला तेल देत होता. हरणांचा हंगाम तोंडावर आला होता. त्यानं पत्रक लांब धरून वाचलं.

"आमच्या वेळी समुपदेशक नव्हता. बापाचा पट्टा होता."

"लागायचा का हो, टॅकेटकाका?" नदीननं विचारलं.

"अजून लागतो." तो हसला. "आपली पोरं गुणी आहेत, बाई. माझाच नातू बघा. माशी मारणार नाही."

नदीननं हातातली पत्रकं सारखी केली. मग म्हणाली, "गुणी आहे. खरंच गुणी आहे."

आर्डिथनं नदीनकडे पाहिलं. गेल्या फेब्रुवारीत त्याच नातवानं आपणहून नदीनचं दार वाजवलं होतं. खिशात तीन मुलांची नावं लिहिलेला कागद आणि बापाच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली. नदीन दिवसभर त्याच्यापाशी बसली. कुणी आत येऊ नये म्हणून आर्डिथ दाराबाहेर स्टुलावर बसली होती, आणि भिंत पातळ होती. आईबापांना बोलावलं, कपाट घरातून हललं, पोरगा उपचारांनी सावरला. आजोबाला मात्र कुणी कळू दिलं नव्हतं.

हे एका वाक्यात सांगितलं असतं, तर म्हाताऱ्यानं चर्चमधली अख्खी मंडळी नदीनच्या बाजूनं मतदानाला नेली असती. आर्डिथनं तोंड उघडलं, तोच नदीननं तिच्या पायावर सज्जड पाय दिला.

"येतो आम्ही, काका."

रस्त्यावर आल्यावर आर्डिथ उसळली. "पाय मोडलास माझा! शनिवारच्या अंकात छापते मी. नाव न घेता."

"या गावात? इथं दोरीवरचे मोजे बघून लोक माणूस ओळखतात."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाईल. पण छापलंस तर नोकरी राहील आणि दार कुणी वाजवणार नाही. मग मी आत बसून काय करू, झाडूंना सल्ले देऊ?"

"मग लिहू तरी काय? चांगलं ते सगळं तुझ्या पोटात."

"माझी फजिती लिही. सातवीची पोरं मला पत्त्यांत हरवतात, ते लिही. लोक हसतील, हसणारा माणूस कधीकधी मतही देतो." नदीन थांबली आणि पहिल्यांदाच तिनं आर्डिथचा हात धरला. "आणि ते दुसरं, तो पोरगा मोठा झाल्यावर. पण आधी त्याला विचार. नको म्हणाला तर नाही लिहायचं. एवढं कर माझ्यासाठी."