पांढऱ्या ठिपक्यांचा आपटा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आपट्याचं झाड अभ्यासाला घेतलं आणि दसरा विसरले. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "अहो, पण असं कसं विसरलात?" त्याचं उत्तर द्यायचं तर जळगावातल्या पिंप्राळ्याच्या आमच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

आमच्याकडे दसऱ्याला सोनं वाटायची पद्धत नव्हती. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. वंदना व्हायची, न संपणारी भाषणं व्हायची आणि शेवटी खीर मिळायची. माझं सगळं लक्ष खिरीकडे. शाळेतल्या मैत्रिणी आपट्याची पानं पुढे करून "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणायच्या, तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. त्यात राग नव्हता, घरची शिस्त होती. त्यामुळे ते पान आणि तो दिवस यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. आपटा माझ्या लेखी पुस्तकातलं झाड होतं. पान दोन पाळ्यांचं, शेंग चपटी, बस्स.

कॉलेज धुळ्याला, देवपुरात. तिथल्या आमच्या सरांना एकाच गोष्टीचा संताप यायचा. जो तो उठून निलगिरीवर नाहीतर सुबाभळीवर प्रबंध लिहायचा. "आपल्या मातीतल्या झाडांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणत त्यांनी मला आपटा दिला. आपट्याची पानं कोणते किडे खातात, किती खातात आणि खाल्लेलं पान लवकर गळतं का, हा माझा विषय. ऐकायला सोपा, करायला किचकट. कोवळं पान फुटल्यापासून ते थंडीअखेर गळेपर्यंत त्याच त्याच पानांवर नजर ठेवायची होती.

यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका नाल्याच्या काठाने आपट्याची बरीच झाडं होती. दर पंधरवड्याला मी देवपूरच्या होस्टेलवरून पिंप्राळ्याला घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी यावलची एसटी धरायची. तिथून पुढे केळीच्या बागांमधून पायी. बाबा रेल्वेत फिटर होते. त्यांनी फाटक रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट मला बाटलीत भरून दिला होता. निवडलेल्या फांद्यांवरच्या प्रत्येक पानावर मी बारीक ब्रशने एक ठिपका द्यायची आणि त्याच्याशेजारी नंबर. नाल्यालगतच्या घरातल्या अक्का हे सगळं ओट्यावरून बघत. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, "काय वं पोरी, पानाले टिकल्या लावू राह्यली का?" मी हो म्हटलं. त्यांना माझा प्रबंध समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी घरी आले आणि आईने फुलं आणायला बाजारात पाठवलं. फुलांच्या शेजारी हिरवेगार ढीग लागले होते. बायका पोत्यांवर बसून फांद्या विकत होत्या. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. दोन पाळ्यांचं पान. ढीगच्या ढीग. उद्या दसरा, आणि ही सगळी पानं झाडांवरूनच ओरबाडून आणलेली.

मी तिथेच फतकल मारून बसले आणि ढीग उपसायला लागले. पांढरा ठिपका दिसतो का ते बघत होते. त्यातही डोळ्यांची सवय जाईना. अर्ध्या फांद्या तशाच दिसणाऱ्या कांचनाच्या होत्या, आपट्याच्या नव्हत्याच. मी ते बोलून दाखवलं तर विकणारी बाई उखडली. "दसऱ्याले सगळं सोनंच राहते, बाई. घ्यायचं असन तर घ्या, नाहीतर उठा. गिऱ्हाईक खोळंबलं." ठिपका काही सापडला नाही. पण त्याने जीव भांड्यात पडण्यासारखंही काही नव्हतं. जळगावात असे ढीग चौकाचौकात लागले होते.

ती पानं गेली तर माझं वर्ष गेलं, इतकं सरळ होतं. पानं पुन्हा फुटणार ती पुढच्या पावसाळ्यात. आणि आणखी एक वर्ष मागायला मला घरी तोंड नव्हतं. मला शिकवायचं म्हणून धाकटा भाऊ बारावीनंतर शिक्षण थांबवून एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. माझं झालं की त्याने कॉलेजला जायचं, असं ठरलेलं. तो कधी बोलून दाखवत नव्हता, हेच जास्त लागायचं.

सकाळी विहारात मी पांढरी साडी नेसून बसले होते, पण वंदनेत दोनदा चुकले. बाबांच्या ते लक्षात आलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं आणि मी तिथेच, चपलांच्या राशीजवळ उभं राहून रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे अख्ख्या गावात आपण तेवढे सोनं लुटत नाही, आणि लुटलं गेलं ते आपलंच?" मला हसू येईना. तेव्हा ते म्हणाले, "इथं बसून काय कळणार आहे? जा, बघून ये. खीर मी ठेवतो तुझी."

एसटीत ज्याच्या त्याच्या हातात, खिशात, पिशवीत तेच पान. शेजारच्या आजोबांनी कौतुकाने मलाही देऊ केलं. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं असेल की त्यांनी हात मागे घेतला. बिचाऱ्यांचा सणाच्या दिवशी विनाकारण हिरमोड झाला.

नाला लांबूनच दिसला. झाडांच्या खालच्या फांद्या ओरबाडून काढल्या होत्या. काही तर कोयत्याने छाटलेल्या. खाली पानांचा सडा. मी पळत पहिल्या झाडापाशी गेले, माझी फांदी शोधली आणि बघतच राहिले.

फांदी जागेवर होती. पानं होती. पानांवर ठिपके होते, नंबर होते. दुसऱ्या झाडाचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. आजूबाजूला नागड्या फांद्या आणि मधेच माझी एकेक फांदी पानांसकट डुलत होती. मी नाल्याच्या दगडावर बसले आणि मोठ्याने हसले. मग रडले. मग पुन्हा हसले. इतकं मोकळं मला नंतर नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटलं नाही.

अक्का ओट्यावरून उतरून आल्या. मी विचारलं, "अक्का, तुम्ही राखली का?"

"म्या कायले राखू? कोन्ही घेतलीच नाही वं." त्यांनी माझी एक फांदी खाली ओढली. "हे पाह्य. भोकं पडलेलं, किड्यानं खाल्लेलं, अन् वरून तुह्या टिकल्या. असं सोनं कोन्ही कोन्हाले देईन का? लोकं काय म्हनतीन?"

खरंच की. सोनं द्यायचं तर पान अख्खं हवं, डाग नसलेलं हवं. मी तर मुद्दाम किडे येणाऱ्याच फांद्या निवडल्या होत्या आणि उरल्यासुरल्या चांगल्या पानांना रंग फासून ठेवला होता. विद्येने नाही, ऑइलपेंटने तारलं मला. पुढे सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "मी दर दसऱ्याला साऱ्या देवपुरात हे पान वाटत फिरतो. मलाही कसं सुचलं नाही!" त्यांचं पान बाजारातून यायचं, झाडावरून नाही. प्रबंध वेळेत गेला, आणि पुढच्या जूनमध्ये भावाने कॉलेजात नाव घातलं.

पण त्या दुपारी मी निघाले तेव्हा अक्कांनी पदराखालून एक पान काढून पुढे केलं. माझे हात आपसूक पाठीमागे गेले, शाळेतल्यासारखे. अक्कांनी माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं.

"तुमच्यात नाही चालत, ठाऊक हाये मले," त्या म्हणाल्या. "सोनं म्हनून नको घेऊ. पान म्हनून घे. अभ्यासाले."

मी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. एवढे महिने आपटा बघत होते, पण भोक नाही, डाग नाही, असं पान मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

घरी पोचले तेव्हा बाबा फाटकातच उभे होते. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरच दिसत होतं. मी पान त्यांच्या हातात दिलं आणि अक्का काय म्हणाल्या ते सांगितलं. बाबांनी ते उलटून पालटून पाहिलं, उजेडाकडे धरलं. आमच्या घरात ते पान पहिल्यांदाच आलं होतं. मग त्यांनी आत हाक मारून आईला माझी खीर आणायला सांगितली, आणि पान माझ्या हातात परत देत म्हणाले, "याला आधी ठिपका लाव. चांगलं आहे, कोणीतरी घेऊन जाईल."