तोंडातल्या चुका

आमच्या घरात चुका वजनावर यायच्या. चूक म्हणजे तो बारीक, चपट्या डोक्याचा खिळा, मोटारीच्या गादीला कापड ठोकायला लागतो तो. महाडला मोटारी जिथे उभ्या राहत त्याच्या शेजारी आमचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. तेव्हा महाडाहून पोलादपूरकडे आणि पुढे घाटात सर्व्हिस मोटारी नुकत्याच धावायला लागल्या होत्या. रस्ता असा की एका हंगामात गाद्यांचा काथ्या बाहेर यायचा आणि टपाची कापडं फाटायची. ती सगळी कामं आमच्या ह्यांच्याकडे. दिवसभर हे नव्या चुका मारायचे आणि जुनं कापड सोडवताना जुन्या चुका काढायचे. गिऱ्हाइकांसमोर ह्यांचा एक ठरलेला विनोद होता, "दुकानात चुका मी काढतो, घरात ही काढते." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण त्या चुका ह्यांच्या तोंडात असायच्या.

त्या तोंडात का, ते सांगायला हवं. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं असतं. तो हात जरा सैल पडला की कापडाला सुरकुती येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उजव्या हातात हातोडी. मग चूक घ्यायची कुठून? म्हणून मूठभर चुका गालात भरायच्या. जिभेने त्यातली एकेक फिरवून ओठांत आणायची, हातोडीच्याच हाताच्या दोन बोटांनी ती उचलून कापडावर टेकवायची, की ठक. वाकड्या निघालेल्या चुका सरळ करून त्याही पुन्हा गालातच जायच्या, गंज असला तरी. कामात असताना ह्यांच्याशी बोलायचं तर एक "हूं" म्हणजे हो आणि "हूंहूं" म्हणजे नाही. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही.

मी मुळातच घाबरट. त्यात माझ्या भीतीला कारण होतं. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. मी लहान असताना आमच्या म्हशीने पेंढ्याबरोबर काहीतरी गिळलं. दिवाळीत तिचं खाणं कमी झालं. मग ती पाठ वाकवून उभी राहायला लागली, बसताना कण्हायला लागली. हिवाळाभर ती तशीच झिजत राहिली आणि शिमग्याला गेली. तिला फाडल्यावर आतून जे निघालं ते वडिलांनी तळहातावर घेऊन आम्हाला दाखवलं. करंगळीच्या पेराएवढी एक चूक. एवढं मोठं जनावर, आणि तेवढ्याशा खिळ्याने खंगून खंगून गेलं. लग्नानंतर ह्यांचा तो फुगलेला गाल पाहिला आणि मला ती म्हैस आठवली, ती डोक्यातून गेलीच नाही. ह्यांना मी सांगितलंसुद्धा, की आमची म्हैस खिळा गिळून मेली. तेवढंच सांगितलं. त्यावर "मी कुठे पेंढा खातो?" म्हणून हे मोकळे झाले.

मग मी माझ्या परीने पहारा सुरू केला. ह्यांच्या तोंडात चुका असताना मी मिरचीची फोडणी करत नसे. ठसका लागला तर? आमटी तशीच थांबायची, भूक लागली तरी थांबायची. एक ड्रायव्हर मोठा गमत्या होता. तो दुकानात येऊन प्रवाशांच्या नकला करायला लागला की मी दारात येऊन अशी उभी राहायचे की त्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं. "वहिनींना हसणं सोसत नाही," असं तो बाहेर सांगायचा. सांगू दे, मी म्हणायचे.

आणि जे व्हायचं ते हसण्याने नाही आणि ठसक्यानेही नाही, भलत्याच गोष्टीने झालं. दसरा नुकताच झाला होता. पावसानंतर गाड्या पुन्हा सुरू होत होत्या, म्हणून दारात कामाची रांग. मी चुलीपाशी होते. बाहेर कुणाच्या तरी मोटारीने मागून मोठा बार काढला, बंदूक सुटावी तसा. त्याबरोबर आतली ठकठक थांबली. मी धावत दुकानात आले तर हे गळ्याला हात लावून उभे. डोळे मोठे झालेले. मग ह्यांनी ओंजळीत सगळ्या चुका थुंकल्या.

"गिळलीत? अहो, सांगा ना, गेली का पोटात?"

"नाही गं," हे म्हणाले. "खाली पडली असेल."

ते "असेल" मला नको होतं. किती चुका गालात भरल्या होत्या ते कुणाला ठाऊक, त्यामुळे मोजून काही कळणार नव्हतं. खाली पडलेली सापडली तरच खरं. दुकानात एक लोहचुंबक होतं, मोटारीच्या मोडक्या मॅग्नेटोतलं, घोड्याच्या नालासारखं. सांडलेल्या चुका गोळा करायला ते वापरत. मी ते घेऊन जमिनीवर बसले आणि काथ्याचा भुगा वेचत सुटले. चुंबकाला चिकटलेल्या चुका एकेक काढून पदरात टाकत होते. हे दुसऱ्या बाजूने वाकले आणि जरा वेळाने म्हणाले, "ही बघ, सापडली. ओली आहे अजून." मी बोट लावून पाहिलं. खरंच ओली होती. मी उठले आणि देवापुढे साखर ठेवली.

पण माझी भीती गेली नाही. आज वाचले, उद्याचं काय? चुंबक अजून माझ्या हातात होतं. त्याच्या टोकाला एक चूक डोक्याने चिकटून उभी होती, अणकुचीदार बाजू बाहेर. ह्यांच्या ओठांत असायची अगदी तशीच. मी म्हटलं, "अहो, हातोडीनेच चूक धरली तर? तोंडाचं काम हातोडीने केलं तर?"

एरवी हे थट्टा करून विषय उडवून लावायचे. त्या दिवशी नाही. चुंबक माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "मग ती हातोडी मला खाली ठेवायला लागता कामा नये. उचलायचं, मारायचं, वाकडी गेली तर काढायचं, सगळं त्या एकाच हत्याराने आणि एकाच हाताने. डावा हात कापडावरून हलणार नाही." एवढं ह्यांनी ऐकलं याचंच मला नवल वाटलं.

संकष्टीच्या मोदकांची उकड उरली होती, तिचीच मी हातोडी वळली. डोकं अरुंद आणि लांबट. त्याची एक बाजू चुंबकाची, चूक उचलून टोचण्यापुरती. दुसरी बाजू सपाट, ठोकायला. दांडा लोखंडी, आणि त्याच्या शेवटाला चीर, चुकेच्या डोक्याखाली सरकवून ती उपटायला. ह्यांनी उकडीची ती हातोडी हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "दांड्याचं हे शेपूट माझ्या मनगटात घुसेल." मग मी शेपूट वाकवलं. वाकवल्यावर हे म्हणाले, आता तर चूक उपटायला जोरही चांगला येईल. तेवढ्यात आमच्या मुलीने हातोडीचं डोकं खाल्लं. ती दोन वर्षांची होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालायची.

नुसतं लोखंड घेऊन चालणार नव्हतं. साधा खिळा चुंबकावर घासला तर घटकाभरात त्याची ओढ संपायची, पण ह्यांचा पेचकस एकदा चुंबकाला चिकटून राहिला होता, तो अजून चुका ओढत असे. म्हणजे पोलादच हवं. मोटारीच्या कमानीचा एक मोडका पाटा घेऊन आम्ही पोलादपूरला गेलो. तिथला लोहार माझ्या माहेरचा. लहानपणापासून मी त्याला काका म्हणायचे.

"गो बाय," तो म्हणाला, "पोलादपुरात पोलाद घेऊन आलीस काय? काय करायचा हाय याचा?"

"ह्यांच्या तोंडातल्या चुका काढायच्यात, काका."

"बायकोला नवऱ्याच्या चुका काढायला हत्यार कशाला लागतंय गो?" तो एवढा हसला की भाता थांबला. हेही हसले. ह्यांचं तोंड रिकामं होतं म्हणून मीही हसून घेतलं.

पहिली हातोडी आली तिचं शेपूट जाड. ते चुकेच्या डोक्याखाली शिरेचना. चूक मात्र टोकाला बऱ्यापैकी धरायची, कारण घरी आणून ह्यांनी तिचं डोकं चुंबकावर घासलं होतं. म्हणून शेपूट तासायला ती परत पाठवली. काकाने सगळंच तापवलं. परत आली तेव्हा शेपूट सुरेख पातळ, पण एक चूक उचलेल तर शपथ. पुन्हा घासावी तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरून ते मऊ पडलेलं, घटकाभर धरायचं आणि सोडायचं. मी तशीच मोटारीत बसून पोलादपूरला गेले.

"इस्तवात गुण जातो त्याचा, ते मला कुठं ठावं होतं?" काका म्हणाला. "मेलाय आता तो. नवाच करायला हवा."

त्याच्या तोंडून "मेलाय" ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हत्याराबद्दल बोलतोय हे कळत असूनही आला. इकडे हे रोज तोंडात चुका घेऊन काम करत होते आणि काका आणि मी तिथे ठोकाठोकी करत बसलो होतो. तिसऱ्या खेपेला आधी सगळं घडवून, पाणी देऊन, थंड करून मग घरी चुंबकावर एकाच दिशेने घासलं. डोक्याने चूक धरली. हलवली तरी पडली नाही. मी दांड्याला मेणकापडाची पट्टी गुंडाळली आणि हातोडी खुंटीला टांगली.

आणि ती खुंटीलाच राहिली. ह्यांचा हात बसेना. चूक तिरकी चिकटायची, हातोडी उलटी करताना लय तुटायची. "सवय होईल हळूहळू," म्हणायचे. पण मोटार दारात, ड्रायव्हर डोक्यावर उभा, अशा वेळी हळूहळू कोण शिकतो? गाल पुन्हा फुगला. मी संतापून दोन दिवस बोलले नाही. ह्यांना त्याने काय फरक पडणार, तोंड भरलेलंच होतं.

मार्गशीर्षातली दुपार. टपाचं काम चाललं होतं. मी मुलीला शोधत दुकानात आले तर ती कोपऱ्यात बसलेली. पाटावर मेणकापडाचा तुकडा डाव्या हाताने ताणून धरलेला, उजव्या हातात लाटणं. मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "काय करतेस गं?"

ती म्हणाली, "हूं."

तिचा गाल फुगला होता. ओठांतून चुकेचं टोक दिसत होतं.

माझ्या घशापर्यंत किंकाळी आली. पण तो बार मला आठवला. दचकली तर गिळेल. हात पुढे केला तर तोंड मिटेल. मी जागच्या जागी दगड झाले. सरकत सरकत ह्यांच्यापर्यंत गेले, सदरा ओढला आणि नुसतं बोट दाखवलं. ह्यांनी पाहिलं. ह्यांचा डावा हात कापडावरून सुटला. टपाचं सगळं ताणलेलं कापड सुरकुतून खाली आलं.

हे तिच्यासमोर मांडी घालून बसले. तोंड भरलेलं, बोलता येतच नव्हतं. तळहात पुढे केला, जिभेने एक चूक ओठांत आणली आणि हळूच थुंकली. मग दुसरी. ती टक लावून बघत होती. तिला हसू येईल की काय या भीतीने मी श्वास धरून उभी. मग तिने आपला इवलासा तळहात पुढे केला आणि एक चूक थुंकली. ह्यांनी एक, तिने एक. ह्यांचं तोंड रिकामं झालं तेव्हा हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आहे अजून?"

"हूं," ती म्हणाली.

ह्यांनी मोठा आ केला. तिनेही केला. गालाच्या आत एक आडवी चिकटलेली होती. ह्यांनी बोट घालून ती काढली आणि मग तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ तसेच बसले. मी रडत होते आणि ओरडतही होते, काय ते आता आठवत नाही.

ड्रायव्हर बाहेरून हाका मारत होता. हे उठले, थुंकलेल्या सगळ्या चुका डब्यात टाकल्या आणि खुंटीवरची हातोडी घेतली. टपाचं कापड पहिल्यापासून ताणायला घेतलं. चूक उचलली, टोचली, हातोडी उलटवली, ठक. काम रखडत होतं, पण तोंड रिकामं होतं. मी मुलीला मांडीवर घेऊन समोरच बसले. मला तिथून हलवेना.

जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, हे म्हणाले, "अगं, ती तुमची म्हैस. खिळा गिळल्यावर किती दिवस होती?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. दसऱ्याची ती ओली चूक माझ्या डोळ्यांसमोर आली. ओली असणारच. तोंडातून काढलेल्या सगळ्याच ओल्या होत्या, त्यांतलीच एक ह्यांनी मला दाखवली होती. म्हणजे इतके दिवस हा माणूस एकटाच वाट बघत होता.

"दोन दिवस," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी खलास."

ह्यांची हातोडी थांबली. "एवढंच?"

"एवढंच. वडील म्हणायचे, तेवढे दिवस निघाले असते तर जगली असती."

ह्यांनी लांब श्वास सोडला. मग त्या गमत्या ड्रायव्हरची कसलीशी गोष्ट सांगायला लागले. कामात असताना ह्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान डोलवत होते आणि मनात दिवाळी ते शिमगा मोजत होते.

तो सगळा हिवाळा मी ह्यांच्या पानाकडे बघून काढला. भात किती घेतला, किती टाकला. उठताना कण्हले का. पाठ वाकवून उभे राहिले की मी हातातलं काम टाकून दारात यायचे, आणि गादीचं काम करणारा माणूस दिवसभर पाठ वाकवूनच उभा असतो. कुणाला सांगायची सोय नव्हती. ह्यांना तर नाहीच नाही.

शिमग्याला होळी पेटली. नैवेद्याला पुरणपोळी केली होती. ह्यांनी पोटभर खाल्ली, आणखी एक मागितली, वर तूपही मागितलं. मी वाढत होते. हे मान वर करून म्हणाले, "आज एवढी काय बघतेस माझ्याकडे? काही झालंय का?"

मी नुसतं "हूंहूं" केलं. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं.