मावळतीच्या अंगाला ठेवलेला हात

हनीफचाचांची आणि माझी पहिली भेट एप्रिलमधल्या एका दुपारी दोन वाजता माझ्याच शेतात झाली. त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारले नाही. रस्त्याकडेला सायकल लावून ते बांध ओलांडून आले आणि म्हणाले, "पयलं पानी बंद कर."

मी मोटर बंद केली. मग विचारले, "का?"

"ते सांगतो. आधी ह्यो ऊस न्हाई, येवढं कबूल कर."

माझ्यासमोर अ‍ॅव्होकॅडोची चाळीस कलमे उभी होती. लावून वर्ष व्हायचे होते. उन्हाने पाने खाली लोंबली होती आणि ती उभी राहावीत म्हणून मी भर दुपारी मोकळे पाणी सोडले होते. आमच्या भागात उसाने मान टाकली की पाणी सोडतात आणि संध्याकाळपर्यंत ऊस ताठ होतो. लहानपणापासून मी तेच पाहिले होते. चाचांनी एका झाडाच्या बुडाशी बोट खुपसले, माती काढून माझ्या नाकाशी धरली. तिला कुबट वास येत होता. "मुळ्या गुदमरल्यात. झाडाला वरनं ऊन मारतंय न् खालनं तू," ते म्हणाले. हे झाड पहाटे थोडे थोडे पिते, दुपारी त्याला नुसते सोसू द्यायचे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

चाचा यंदा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त निघालेला हा गौरवग्रंथ वाचणारे बरेच जण त्यांना कोल्हारचे रंगारी म्हणून ओळखतात. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांच्या भिंतींना त्यांनी चुना दिला आहे. पुढे लोक डब्यातले तयार रंग आणू लागले आणि चुन्याचे काम कमी झाले. त्याच सुमारास एका घरमालकांनी त्यांना परगावाहून आलेले एक फळ दिले. ते घरात कोणालाच आवडले नाही. रझियाचाची म्हणाल्या, "साबण हाय का काय?" पण आतली बी एवढी मोठी होती की चाचांना ती टाकवेना. हिच्यातून काय येते ते पाहू, म्हणून त्यांनी ती परसात लावली. आज तिथे तीन मोठी झाडे आहेत. आसपासच्या दहा-बारा बागांतले लोक उन्हाळा लागला की चाचांना बोलावतात, त्याचे मूळ त्या एका बीत आहे.

माझी गोष्ट वेगळी होती. मी अकरावीत शाळा सोडली. वडिलांच्या मागे शेत आई पाहते. कलमे लावायला तिने उसाचे अर्धा एकर रान मोकळे करून दिले, पण अट घालून दिले. "तीन उन्हाळे देते. झाडं तगली तर रान तुझं, न्हाई तर परत ऊस. मग शेतीतलं मला शिकवायचं न्हाई." तो पहिला उन्हाळा होता. मी रोज प्रत्येक झाडापुढे उभा राहून वहीत पाने, भेगा, रंग असे सगळे लिहीत असे. लिहून काळजी कमी होत नव्हती.

चाचांची काम करण्याची पद्धत सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी काहीच सांगितल्यासारखे होणार नाही. ते बागेत सकाळी कधी येत नसत. "सकाळी समदीच झाडं शहानी दिसत्यात," असे त्यांचे म्हणणे. बरोबर एक लहान लाकडी पाट घेऊन ते दुपारी दोनला येत आणि चारपर्यंत एका झाडाजवळ बसून राहत. डोक्याला ओला पंचा, शेजारी पाण्याची बाटली. मधूनच तळहात उलटा करून ते खोडाला लावत. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते, अगदी तसा. आधी उगवतीच्या अंगाला, मग मावळतीच्या.

"बघ," ते मला म्हणाले, "दोन्हीकडं येकच ऊन. मग हिकडंच साल का फाटती?"

मी हात लावला. मावळतीकडची साल चटका बसेल इतकी तापली होती. माझा विश्वास बसेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरातला तापमापक खोडाच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने बांधून पाहिला. फरक खराच होता. मी धावत सांगायला गेलो तर चाचा हसले नाहीत, उलट तापमापक हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. "सकाळच्या उनाला झाड गार असतंय. दुपारचं ऊन तापल्याल्या झाडावर पडतंय. तसंच असंल का?" माझ्याहून पन्नास वर्षांनी मोठे असलेले चाचा मला खरोखरच विचारत होते. शाळेत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही हवे आहे.

मग कामे सुरू झाली. मावळतीच्या बांधावर सावलीसाठी शेवरीची झुडपे दाट पेरली. बुडाशी उसाचे पाचट पसरले, पण खोडापासून वीतभर लांब. डाळिंबाची छाटणी पाहून मी खालच्या फांद्या काढायला घेतल्या होत्या. चाचांनी कात्री काढून घेतली. "झाडाचं धोतर फेडतो का मास्तर? त्याच्या पायाला सावली त्याचीच त्याला पायजे." माझ्या वहीमुळे ते मला मास्तर म्हणत. आणि शेवटी आला चुना. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही, हे रंगाऱ्याला कोणी सांगायला नको. त्यांनी चुना पिंपात भिजवला, घोटला, फडक्याने गाळला, त्यात डिंक घातला आणि आईकडे मीठ मागितले. मिठाने चुना धरून राहतो, कपड्याला लागत नाही. हयातभर त्यांनी भिंतींचा चुना असाच केला होता.

आईने डबा दिला. तो संपल्यावर दुसरा दिला. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा ती म्हणाली, "मीठ काय पोत्यानं आनू? तुमची झाडं लोनच्यात घालायचीत का?"

चाचा हसले आणि राहिलेली चार झाडे बिनमिठाच्या चुन्याने रंगवली. बाग शाळेच्या रांगेसारखी पांढरी दिसू लागली.

तीन आठवड्यांनी पानांची टोके करपली. तांबूस कडा रोज आत सरकत होत्या. मला वाटले ऊन. चाचांनाही ऊनच वाटले. म्हणून मी दुपारी पानांवर पाण्याचा फवारा वाढवला, तशी टोके आणखी वेगाने जळू लागली. दोन झाडांनी सगळी पाने टाकली. आई रोज बांधावर येऊन बघे आणि परत जाई. तिची अट मला रोज आठवे.

त्या दिवसांत चाचा रोज येत. एका दुपारी ते पाटावरून उठले आणि रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून हाक आली, "मास्तर, ही चार हिरवी का?"

मी गेलो. शेवटच्या चार झाडांच्या एकाही पानाला डाग नव्हता. ऊन तेच, पाणी तेच, माती तीच.

"वही काढ. ह्या चारांचं काय लिव्हलंय?"

मी वाचले, "शेवटची चार झाडे. चुना दिला. मीठ नाही. आई नाही म्हणाली."

चाचा खाली बसले. त्यांनी एका पांढऱ्या खोडावरून ओले बोट फिरवले आणि जिभेला लावले. मग खोडाच्या बुडाची माती चाटून पाहिली. फवाऱ्याचे पाणी रोज खोडावरून उतरून चुन्यातले मीठ मुळांशी नेत होते. परसातल्या जुन्या झाडांनाही चाचा हाच चुना देत, पण त्यांच्या मुळ्या दूरवर पसरलेल्या आणि त्यांच्यावर फवारा नाही, म्हणून त्यांना ते कधी जाणवले नव्हते. हे सगळे आम्ही नंतर जुळवले. त्या क्षणी चाचा एवढेच म्हणाले, "मी भिंत समजलो रं. भिंतीला मुळ्या नसत्यात."

मी घाबरून म्हणालो, "फवारा मी वाढवला."

"फवाऱ्यात मीठ न्हवतं," ते म्हणाले. "हे माझं हाय. तू मधी पडू नको."

ते थेट आमच्या ओट्यावर गेले. आई भाकरी थापत होती. "ताई, झाडं उनानं न्हाई, माझ्या मिठानं जळाली. तुमचा हात आखडला म्हनून चार तरी वाचली."

आईने हातावरची भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आधी सांगायचं न्हाई का? समदंच मीठ लपवून ठिवलं असतं." आणि त्यांच्यापुढे ताट मांडले. त्या महिन्यात ती प्रथमच हसली होती.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी छत्तीस झाडांचा चुना स्वतःच्या हाताने पुसून काढला. ओल्या गोणपाटाने, खाली प्लास्टिक अंथरून, घमेल्यात पाणी धरून, मातीत थेंबही न पडू देता. मग ठिबकने सावकाश, निचरा होईल असे पाणी देऊन मीठ खाली धुऊन काढले आणि खोडांना बिनमिठाचा चुना पुन्हा दिला. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर होते. मी मदतीला वाकलो की म्हणायचे, "तू वही धर."

पण मला त्यांचे मोठेपण दिसले ते त्यानंतर. ज्या ज्या बागेत त्यांनी चुना करायला शिकवले होते, त्या प्रत्येक बागेत ते सायकलने गेले. श्रीरामपूरकडच्या दोन बागांना एसटीने गेले. एका ठिकाणी आठ-दहा बागायतदार चहाला जमले होते. मी बरोबर होतो. चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमाला चुन्यात मीठ घालायला सांगितलं हुतं. चुकलं. ज्यांनी घातलं त्यांनी आजच धुवून काढा. मी येतो हाताखाली."

 मागून एक जण म्हणाला, "चाचा, आता साखर घालू का? आपल्याकडं कारखाने लई हायेत."

सगळे हसले. चाचाही हसले आणि म्हणाले, "घाल. पन आधी तुझ्याच येका झाडाला घाल, न् मला दावायला बोलीव." त्यांना विचारणारे लोक त्या दिवसानंतरही कमी झाले नाहीत. परतीच्या वाटेवर मी विचारले, सगळ्यांसमोर सांगताना वाईट वाटले का? ते म्हणाले, "वाटलं. पन झाडाला काय, माझं वाईट वाटल्यानं पानी मिळतंय व्हय?"

पहिल्या उन्हाळ्यात माझी दोन झाडे गेली. अडतीस राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही गेले नाही. शेवरी डोक्यावर गेली होती, खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. तिसरा उन्हाळा यंदाचा. मोहोर आला, बारीक फळे धरली आणि एप्रिलमध्ये गरम वारा सुटला तशी ती गळू लागली. काही फळे तर गळणारच, हे चाचांनी सांगितले होते, तरी मी पहाटे जाऊन खाली पडलेली वेचून पाहत असे.

त्याच आठवड्यात बागेत बसलेले असताना चाचांना भोवळ आली. मी आणि आईने त्यांना सावलीला नेले. डॉक्टरांनी दुपारचे बाहेर पडणे बंद केले. तेव्हापासून रोज दोन वाजता त्यांच्या पाटावर मी बसतो आणि मोबाईल वाजतो.

"हात लावला?"

"लावला."

"कुठल्या अंगाला?"

"मावळतीच्या."

"कसा हाय?"

"कोमट. चटका नाही."

"मग ऱ्हाईल फळ. आता तू सावलीला जा. तुला चुना कोन लावनार?"

फळे राहिली. सगळी नाही, पण राहिली. श्रावणात उतरवलेली पहिली काही फळे मी आईच्या हवाली केली. तिने ती पाचटात घालून पिकवली आणि एक हातात देऊन म्हणाली, "हे कोल्हारला नेऊन दे. रान तुझं झालं, ते त्यांच्यामुळं." तीन उन्हाळ्यांच्या अटीबद्दल ती एवढेच बोलली.

रझियाचाचींनी फळ कापले. चाचांनी एक फोड तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "अजून बी चव लागंना." मग चाचींकडे वळले. "मीठ आन गं. हितं चालतंय."

चिमूटभर मीठ लावून त्यांनी ते अर्धे फळ संपवले. उरलेले अर्धे माझ्यापुढे सरकवले. बी मात्र त्यांनी धुतली, पुसली आणि खिडकीत ठेवली. हिच्यातून काय येते ते त्यांना पाहायचे आहे.

ती बी रुजून तिला फळ धरायला बरीच वर्षे लागतील. तेवढी वर्षे चाचांना निरोगी, कुतूहलाने भरलेली आणि दुपारी दोन ते चार घराच्या सावलीत जावोत, ही माझी, आईची आणि अडतीस झाडांची मनापासून इच्छा. पाट मी सांभाळतो आहे. हात मावळतीच्या अंगालाच आहे.