पोळ्याच्या आवतनाला आलेली गाडी

आधीच कबूल करते, असले अनुभव मी हसण्यासाठी वाचते. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी विचारते, "तापमान किती होतं? वारा कुठून होता?" त्यामुळे लोक मला असल्या गोष्टी सांगतच नाहीत. पण एक गोष्ट आमच्याच घरात घडली आणि त्या वेळी मी गाडीत पुढच्या सीटवर बसलेली होते, तेव्हा सांगणं भाग आहे.

गाव पांढुर्णा. साल पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपास. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लग्नातल्या लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या — गावातली प्रत्येक मेलेली बॅटरी आमच्याकडे यायची नि जिवंत होऊन जायची. बाबांचा देव एकच, हायड्रोमीटर. काचेची नळी, वर रबरी फुगा. बॅटरीतलं ॲसिड थोडं ओढायचं नि आतला तरंगता दांडा किती वर येतो ते वाचायचं. याला ते ग्रॅव्हिटी घेणं म्हणत. बाराशे साठ म्हणजे बॅटरी भरलेली, अकराशे वीस म्हणजे मेलेली. "मानूस खोटं बोलते," बाबा म्हणायचे, "ग्रॅव्हिटी नाही बोलत."

या माणसानं विजेवर चालणारी मोटार बनवली होती. आज माझा भाचा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कारला प्लग लावून मला रेंज म्हणजे काय ते समजावतो, तेव्हा मी गुपचूप ऐकून घेते. बाबांच्या गाडीला भंगारातला सांगाडा होता, बंद पडलेल्या कारखान्यातली डीसी मोटर होती आणि ट्रकच्या सहा बॅटऱ्या. पूर्ण चार्जवर चाळीस किलोमीटर जायची. चार्जरही घरीच केलेला — लाकडी फळीवर भला मोठा ट्रान्सफॉर्मर. तो सुरू झाला की गल्लीतले सगळे बल्ब पिवळे पडायचे आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "झालं का हो गाडीचं जेवन?"

आता खरी भानगड. त्या सहा बॅटऱ्या आल्या होत्या पाखऱ्याच्या बदल्यात. पाखऱ्या आमचा बैल. जोडीतला दुसरा आदल्या वर्षी गेला. एकट्या बैलाचं करायचं काय, म्हणून बाबांनी त्याला लोधीखेड्याकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकलं आणि रिकाम्या गोठ्यात, त्याच्याच खुंट्यापाशी, गाडी उभी केली. त्या दिवसापासून माय बाबांशी बोलेना. स्वयंपाक वेळेवर, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. बाबा समोर बसलेले असले तरी, "तुह्या बाबाले विचार, अजून भाकर पाह्यजे का."

अशात पोळा आला. आमच्या घरातला बैलाशिवायचा पहिला पोळा. ताईचं सासर सौसरला, पस्तीसेक किलोमीटर. तिला सणाला आणायचं होतं. बाबांनी ठरवलं, आदल्या दिवशी दुपारी गाडी घेऊन जायचं, रात्रभर ताईकडे चार्ज करायची आणि पोळ्याला परत. निघताना माय वाटीत कोमट तूप-हळद घेऊन गोठ्यात आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे असे चोळतात, ती खांदशेकणी. मायनं ती गाडीच्या बॉनेटला केली. चांगली दोन्ही हातांनी चोळली. मग बैलाला म्हणतात तेच पुटपुटली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मला हसू आलं. पण मायचे डोळे भरले होते, म्हणून गप्प राहिले. मग कित्येक दिवसांनी ती बाबांशी थेट बोलली.

"उद्या तोरन तुटून घरोघरचे बैल दारात येतीन. तवा माह्या दारात काई उभं नसलं ना, तर तुमची गाडी भंगारात गेली समजा. मंग मले काई म्हनू नोका."

"येईन ना बापा," बाबा म्हणाले. "शब्द देऊन राहिलो."

ताईकडे गाडी मजेत पोचली. ताईचे सासरे मीटरजवळ खुर्ची टाकून बसले, चाक किती जोरात फिरतं ते पाहत. संध्याकाळी दोन तास चार्जिंग झालं असेल आणि लाइन गेली. ती सकाळीही आली नाही. सासरे म्हणाले, "बसनं जा न व्याहीबुवा, गाडी राहू द्या इथंच." बाबांना ते कसं परवडणार? दारात गाडी उभी राहायला हवी होती, आम्ही नाही.

नऊला निघालो. जामसांवलीच्या मारुतीच्या देवळाच्या थोडं पुढे गेलो आणि गाडी हळू, आणखी हळू... उभी राहिली. बाबांनी बॉनेट उघडलं, सहाही बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी घेतली. मलाही वाचायला लावली. अकराशे वीस. सगळीकडे अकराशे वीस.

बाजूच्या नाल्यात एक जण बैल धूत होता. बाबांनी त्याला विचारलं, जोडी लावून गाडी ओढून देतो का. तो बाबांकडे असा पाहत राहिला की जणू यांनी त्याच्या आईला शिवी दिली.

"आज पोळा हाय काकाजी. आज कोनी बैल जुपते का? तुमच्याही बैलाले सुट्टी द्या." आणि हसत बैलाच्या पाठीवर पाणी उडवायला लागला.

एक ट्रक थांबला, पण तो माणसं न्यायला तयार होता, गाडी नाही. बाबांनी आम्हाला जायला सांगितलं. ताई सासरहून आणलेला डबा मांडीवर घेऊन बसून राहिली, मीही हलले नाही. बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. शर्टाला ॲसिडची भोकं, हातात हायड्रोमीटर. सहा वर्षं हा माणूस त्या गाडीमागे होता. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली आणि रागही आला.

दीडच्या सुमारास बाबा उठले. "बॅटरीनं आराम केला का थोडी उठते. अर्धा किलोमीटर तं जाईन." हे खरं आहे, फिजिक्समध्ये बसतं. स्विच दाबला. गाडी हलली.

अर्धा किलोमीटर झाला. एक झाला. पाच झाले. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं नि हळूच म्हणाले, "पाय पाह्य माहा." त्यांचा पाय पेडलवर नव्हताच. पेडल दाबलं तरी गाडी तेवढीच, सोडलं तरी तेवढीच — छकड्याची दुडकी चाल. सौसरहून पांढुर्णा चढावर आहे हो, उताराचं कारण सांगू नका. वारा समोरून होता, तेही पाहून घेतलं. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला, मागे वळून म्हणाला, "ढकलू का?" ताई मागच्या सीटवर हसून हसून लोळली. मी घाबरले होते की हसत होते, आता सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

साडेचारला गाडी आमच्या गल्लीत शिरली. गावचे बैल ज्याखाली जमवतात ते पोळ्याचं तोरण नुकतंच तुटलं होतं, बैल घरोघर निघाले होते. गाडी बरोबर आमच्या दारात थांबली. माय ताट घेऊन उभीच होती. तिनं चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि पुरणपोळी समोर धरली. बाबांनी तेवढंही न थांबता बॉनेट उघडलं नि ग्रॅव्हिटी घेतली. तीनदा घेतली. मीही वाचली.

अकराशे वीस. पंचवीसेक किलोमीटर येऊन बॅटरीतलं काहीच खर्च झालं नव्हतं. खर्च व्हायला त्यात काही नव्हतंच.

गावात लगेच दोन पक्ष पडले. जामसांवलीपाशी बंद पडून सुरू झाली म्हणजे मारुतीचीच कृपा, असं एक. दुसरं, बाबांचा हायड्रोमीटर बिघडला. बाबांनी तो दुकानातल्या भरलेल्या बॅटरीत बुडवून दाखवला. बाराशे साठ.

तिसऱ्या दिवशी लोधीखेड्याकडचा तो शेतकरी आमच्या दारात आला. सोबत दोरीला पाखऱ्या. माणूस तापलेला होता.

"घ्या तुमचा बैल. माही गावात बदनामी झाली. लोक म्हनून राह्यले, यानं पोळ्याच्या दिवशी बैल जुपला."

"जुपला का?" बाबांनी विचारलं.

"माही तशी छाती होईन का? सकाळीच धुतला, झूल घातली, खुंट्याले बांधला. जेवून बाहेर येतो तं हा उभ्या उभ्या घामानं भिजून राह्यला, तोंडाले फेस. खांदा असा लाल, जशी गाडी ओढली. तोरनाखाली नेताच नाही आला. मंग एकदम खाली बसला नि दोन बादल्या पानी पेला."

मी विचारलं, "बसला तेव्हा किती वाजले असतील?"

"साडेचार-पाऊनेपाच."

बाबा खाली बसले. माय पाखऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिथली कातडी खरंच सोलली होती. मग तीच म्हणाली, "मी गाडीले नोतं दिलं आवतन. हात तिच्यावर होता, पन मनात हाच होता. त्याले बिचाऱ्याले येता नाही आलं."

पाखऱ्या पुन्हा त्याच्या खुंट्याला आला, गाडी अंगणात गेली. माय बाबांशी बोलायला लागली — इतकं की बाबा दुकानात जास्त वेळ बसू लागले.

आयुष्यभर मुलांना शिकवलं की काम झालं असेल तर ऊर्जा कुठून तरी आलीच पाहिजे. कुठून आली ते मला माहीत आहे असं कधीकधी वाटतं, पण ते फळ्यावर मांडता येत नाही.

गाडी पुढे चार वर्षं चालली. दर पोळ्याला कोणी ना कोणी बाबांना म्हणायचं, चला काकाजी, एक चक्कर मारू. बॅटऱ्या बाराशे साठला असायच्या, तरी बाबा त्या दिवशी गाडी काढायचे नाहीत.

"नाही," म्हणायचे. "आज त्याले सुट्टी हाय."