लाइनबॅकरच्या बदल्यात

नवऱ्याची बायपास झाली आणि त्याच्या गोळ्या, त्याच्या आईचा रोजचा व्हिडिओ कॉल आणि त्याची फुटबॉलची टीम हे सगळं माझ्याकडे आलं. गोळ्या सोप्या होत्या. सासूबाईंना रोज तेच सांगायचं, तेही जमलं. टीम मात्र मला मुलीकडून शिकून घ्यावी लागली.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि टीम म्हणजे खोटी टीम. दहा जण मिळून अमेरिकेतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घेतात. त्या खेळाडूंनी खऱ्या मॅचमध्ये जे केलं असेल त्याचे पॉइंट दर आठवड्याला आपल्या टीमला मिळतात. दोन-दोन टीमची गाठ लावलेली असते, जास्त पॉइंटवाली जिंकते. त्यावरून दहा प्रौढ माणसं भांडतात. आम्ही सिडनीत राहतो, गिरावीनला. इथे हा खेळ फारसं कोणी बघत नाही. पण नवरा आणि त्याचे मित्र पुण्याहून आले ते आयटीत, क्लायंट सगळे अमेरिकेतले, आणि कॉलच्या सुरुवातीला हवापाण्यावर किती बोलणार? म्हणून ही मंडळी फुटबॉल शिकली. पुढे क्लायंट बदलले, नोकऱ्या बदलल्या, फुटबॉल राहिला. गणपतीच्या दिवसांत कोणाच्या तरी गराजमध्ये उरलेले मोदक खात खेळाडूंचा लिलाव होतो. ॲपमध्ये प्रत्येकाला सारखेच खोटे डॉलर मिळतात, त्यात टीम बसवायची.

यंदाच्या लिलावात नवऱ्याने एका लाइनबॅकरसाठी एवढी बोली लावली की सगळे हसले. लिलाव आमच्याच गराजमध्ये होता, मी चहा घेऊन गेले तेव्हा ते हसणं चालू होतं. लाइनबॅकर बचाव करणारा असतो. चेंडू त्याच्याकडे जवळजवळ येतच नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायचा, हे त्याचं काम. मला कबड्डी कळते, त्यामुळे पकड करणारा म्हटल्यावर ते मला लगेच समजलं. हा लाइनबॅकर मोठा स्टार होता, पण खोट्या लीगमध्ये लाइनबॅकर महाग नसतात, कारण पकडी करणारे पुष्कळ मिळतात. एकाचा गुडघा गेला तर दुसरा घ्यायचा. महाग असतो तो चेंडू घेऊन पळणारा, रनिंग बॅक. दर आठवड्याला हमखास पॉइंट देणारे रनिंग बॅक मोजकेच असतात आणि ज्याच्याकडे तसा एक असतो, तो त्याला सोडत नाही.

ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं. घरी आल्यावर नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तसाच राहिला.

हॉस्पिटलमधल्या फिजिओने सगळं नीट समजावून दिलं होतं. रोज चालायचं, आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग पुढे. खोकताना किंवा हसताना छातीशी घडी केलेला टॉवेल धरायचा. चालला नाहीस तर फुप्फुसांत पाणी धरेल आणि परत भरती व्हावं लागेल, असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. तो बाथरूमपर्यंत जायचा आणि परत पलंगावर. बाहेर चल म्हटलं की म्हणायचा, "मॅगपाय डोक्यात चोच मारतात." मॅगपाय मारतात हे खरं आहे, इथल्या स्प्रिंगमध्ये, घरटी असतात तेव्हा, पोस्टमनलाही मारतात. पण मी छत्री देत होते. छत्री त्याला नको होती. पुढच्या सोमवारी तपासणी होती आणि त्याच्या श्वासाला खालून एक ओलसर आवाज येत होता. मी काही डॉक्टर नाही, पण मी एका एज्ड केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, स्टाफच्या पाळ्यांचं रोस्टर लावते. तो आवाज मी ऐकलेला आहे. त्यानंतर ती खोली रिकामी झालेलीही पाहिली आहे.

मी रागावले, समजावलं, मग गप्प बसले. गप्प बसणं स्वस्त पडतं.

रोज संध्याकाळी कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं. गिरावीनमध्ये कोणाचं ऑपरेशन झालं की डबे येतात, त्यात काही विशेष नाही. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, मीठ कमी घातलेलं वरण. लोक दारातच उभे राहायचे, आवाज खाली आणायचे, "कसे आहेत?" म्हणायचे आणि बेडरूमच्या दाराकडे बघायचे. नवऱ्याला ते आतून ऐकू यायचं. फ्रिज भरला होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून मी प्रत्येक डब्यात काहीतरी घालत होते, बहुतेक वेळा हॅरिस पार्कमधल्या दुकानातला चिवडा. चिवड्याच्या पाकिटांसाठीच मी एकदा गाडी काढून हॅरिस पार्कला गेले होते. शिफ्ट संपवून, पार्किंग शोधत. त्या दिवशी मला रडायला वेळ असता तर मी रडले असते.

टीम मी का चालवत होते, हे मुलीने विचारलं. ती युनीला जाते आणि मला इंग्लिशमध्ये उत्तरं देते. "मम, जस्ट लीव्ह इट. नोबडी केअर्स."

"रोस्टर रिकामं सोडायचं नसतं," मी म्हटलं. यापलीकडे कारण नव्हतं. कोणाचा आठवडा सुट्टीचा, कोण जखमी, कोणाला बसवायचं, हे काम मी पगार घेऊन करतेच. लाइनबॅकरला मी दर आठवड्याला लावायचे आणि मॅच झाली की पलंगाजवळ जाऊन सांगायचे, "तुझ्या माणसाने आज पुष्कळ पकडी केल्या." मग बाकीच्या टीमच्या लाइनबॅकरांचे आकडेही वाचून दाखवायचे.

"हं," नवरा म्हणायचा. भिंतीला.

आणि मग बुधवारी ॲपवर ऑफर आली. ऑफर नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या मित्राची. सिडनीत नवीन असताना हे दोघं हॅरिस पार्कच्या एका फ्लॅटमध्ये एकाच गादीवर आळीपाळीने झोपायचे, एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी. ते भाऊजी म्हणत होते, तुमचा लाइनबॅकर द्या, माझा रनिंग बॅक घ्या. त्यांचा रनिंग बॅक म्हणजे लीगमधला सगळ्यात चांगला.

मी कणीक मळत होते. फोन फ्रिजला टेकवून ठेवला होता. मुलीने वाचलं आणि म्हणाली, "व्हॉट? दॅट्स इन्सेन. बाबा गेट्स हिम फॉर अ लाइनबॅकर?"

"मग घेऊ या," मी म्हटलं.

"समथिंग्ज ऑफ, मम."

ते मलाही वाटत होतं. माझ्या कामावर कोणी स्वतःहून ख्रिसमसची सुट्टी देऊन साधा मंगळवार मागितला, तर मी आधी त्याला खुर्चीवर बसवते आणि विचारते, काय झालं? रनिंग बॅकचा पाय मोडला असणार आणि आम्हाला अजून कळलेलं नाही, असं मला वाटलं. मुलीने शोधलं. पाय जागेवर होता.

शेवटी मी कणकेच्या हातांनी बेडरूमच्या दारात गेले. "भाऊजी तुझा लाइनबॅकर मागतायत. बदल्यात रनिंग बॅक देतायत. घेऊ का?"

"कोणता?"

मी सांगितलं.

त्याने अंगावरची चादर बाजूला केली. मग वळला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, मी न सांगता.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"त्याच्याकडे दोन लाइनबॅकर आहेत," तो म्हणाला. "चांगले आहेत दोन्ही. त्याला माझा कशाला हवाय?"

"मला काय माहीत? घेऊ की नको ते सांग, कणीक वाळतेय."

"हा काय ट्रेड आहे? गिरावीनचं घर देऊन हॅरिस पार्कमध्ये पार्किंग घेतं का कोणी?" त्याचा आवाज चढला, मग तो खोकला आणि टॉवेल शोधायला लागला. टॉवेल मी दिला नाही, हाताला कणीक होती. त्याने स्वतः घेतला. खोकून झाल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "हा ट्रेड नाही. हा डबा आहे."

मला ते लगेच पटलं. आत्तापर्यंत सगळ्यांनी खिचडी पाठवली, याने रनिंग बॅक पाठवला.

"मग नको म्हणून टाकते," मी म्हटलं.

"तू काही करू नकोस. माझा फोन कुठंय?"

"किचनमध्ये. चार्जिंगला."

"आण."

"माझे हात बघ."

खरं तर मुलगी आणू शकली असती. मुलगी माझ्या मागेच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने, जन्मात पहिल्यांदा असेल, न सांगता ओळखलं.

तो उठला. कुशीवर वळून, कोपरावर भार न देता, फिजिओने शिकवलं होतं तसा. म्हणजे शिकवलेलं ऐकलं होतं त्याने. भिंतीला हात लावत किचनमध्ये आला, फोन काढला आणि तिथेच नंबर लावला. स्पीकरवर. तो कायम स्पीकरवर बोलतो, सगळ्या आयटीवाल्यांसारखा.

"अरे! कसा आहेस? वहिनी कुठायत?" भाऊजींचा आवाज तोच, दारात उभा राहून बोलल्यासारखा, खाली आणलेला.

"वहिनींना सोड. मला सांग, रनिंग बॅक का देतोयस?"

"मला लाइनबॅकर हवाय रे."

"दोन आहेत तुझ्याकडे."

"एक जरा... बरा नाहीये."

"खोटं बोलू नकोस हलकटा, परवा त्याने किती पकडी केल्या ते मला माहितीये."

मी कणकेवरून मान वर केली. म्हणजे भिंतीकडे तोंड करून हे सगळं ऐकलं जात होतं. माझ्याकडूनच.

नवरा बोलता बोलता चालायला लागला. ही त्याची जुनी सवय, कॉल सुरू झाला की हा पिंजऱ्यातल्या वाघासारखा. आधी किचन ते हॉल. मग दार उघडून बाहेर. आमच्या किचनची खिडकी समोरच्या अंगणावर उघडते. खिडकी उघडी होती, ती मी बंद केली नाही.

"ग्रुपवर ठरलं होतं," भाऊजी शेवटी म्हणाले.

"कोणत्या ग्रुपवर?"

"वेगळा केलाय. तू नाहीयेस त्यात."

"काय ठरलं होतं?"

"की यंदा तुला जिंकू द्यायचं."

नवरा फाटकापाशी थांबला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने छातीवर टॉवेल. "मला की माझ्या फोटोला?"

"असं बोलू नकोस."

"मग तुम्ही असं वागू नका. मी गेलोय का?"

मग भाऊजी बोलले, या वेळी आवाज खाली नव्हता. "तुला काय रे, तू झोपला होतास. बाहेर मी बसलो होतो वहिनींबरोबर. तो सर्जन आला आणि आधी काहीच बोलला नाही, मास्क काढत बसला. तेवढ्यात मी काय काय बघितलं ते तुला माहितीये? रनिंग बॅक गेला खड्ड्यात. मला काय कळतंय त्यातलं."

ते खरं होतं. सर्जनने मास्क काढायला फार वेळ लावला होता. त्या वेळी भाऊजींनी माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. त्याबद्दल आम्ही दोघं नंतर कधी बोललो नाही.

नवऱ्याने फाटक उघडलं. पुढचं मला तुटक ऐकू आलं, कारण तो कोपऱ्याकडे निघाला होता.

"...मग खरा भाव सांग. लाइनबॅकरच्या बदल्यात काय देशील? खरं."

"खरं सांगू? तुझ्या त्या लाइनबॅकरच्या? एक लंगडा रिसीव्हर, झेल सोडणारा. आणि तोही माझ्या बायकोला विचारून."

"हसवू नकोस साल्या, टाके आहेत."

मुलगी छत्री घेऊन धावायला निघाली, कारण कोपऱ्यावरच्या झाडावर मॅगपायचं घरटं आहे. मी म्हटलं, जाऊ दे. मॅगपाय खाली आलाच. नवऱ्याने टॉवेल डोक्यावर घेतला, एका हाताने धरून, आणि बोलत राहिला. मग तो कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

पोळ्या लाटताना मी तीन वेळा खिडकीकडे गेले. नंतर जायचं थांबवलं.

तो घामाघूम होऊन आला आणि पायरीवर बसला. धाप लागली होती, पण ती धाप वेगळी होती, कोरडी. मी पाणी दिलं.

"काय ठरलं?"

"काही नाही. लाइनबॅकर माझ्याकडेच राहील. भाव जमला नाही."

"मग एवढा वेळ काय बोलत होतात?"

"भाव," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याची गाठ नेमकी भाऊजींशी होती आणि भाऊजींनी त्याला धुतलं. ज्या रनिंग बॅकला आम्ही नको म्हटलं होतं, त्यानेच धुतलं. लाइनबॅकरने बऱ्या पकडी केल्या, पण त्याने काय होतं? वेगळा ग्रुप बंद झाला आणि जुन्या ग्रुपवर नवऱ्याला शिव्या पडायला लागल्या. त्या तो मला वाचून दाखवत होता, मी भाजी चिरत असताना, कोणाला कोणता टोमणा लागू पडला ते समजावून सांगत. मला त्यातलं सगळं समजत होतं, हेच वाईट.

सोमवारी तपासणीला नर्सने पाठीवर स्टेथोस्कोप फिरवला. खालून, वरून, परत खालून. मी तिचा चेहरा बघत होते. मी चेहरे वाचते, रोस्टर लावताना ते वाचावेच लागतात. मग ती म्हणाली, छान आहे, चालणं चालू ठेवा. किती चालता?

"कॉल जेवढा लांब असेल तेवढं," नवरा म्हणाला.

तिला कळलं नाही. तिने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

त्या फोननंतर भाऊजींकडूनही एक खरा डबा आला होता, स्टीलचा, तीन कप्प्यांचा. परतीच्या वाटेवर आम्ही तो द्यायला गेलो. चिवडा संपला होता. मी गाडीत विचारलं, आता यात काय घालू? नवऱ्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "या वेळी रिकामाच दे. कळेल त्याला."

मी दिला. भाऊजींनी दारातच झाकण उघडून बघितलं आणि हसत सुटले.

घरी आल्यावर नवऱ्याने टीमचा पासवर्ड मागितला. मी बदलला होता, तो मी सांगितला. "बेंचवर कोण कोण ठेवलेत बघ," तो ॲप उघडून म्हणाला, "वाट लावलीस तू टीमची." दुपारची वेळ होती, माझी शिफ्ट संध्याकाळी होती. तो बूट न काढता फोन घेऊन बाहेर गेला, फाटक वाजलं, आणि मी पलंगावर त्याच्या बाजूला आडवी झाले, भिंतीकडे तोंड करून.